डाव्या हाताचं व्रत

ह्या श्रावणात आमच्या लोहाऱ्यात एक नवं व्रत निघालं. डाव्या तळहाताला पांढरं फडकं गुंडाळायचं आणि श्रावण सरेपर्यंत ते कुणासमोर सोडायचं नाही. बास, एवढंच. ना कहाणी, ना आरती, ना उपासाला काय चालतं अन् काय नाही त्याची कटकट. आमच्या गल्लीत शांताक्कानं बांधलं, तहसीलच्या मागं राहणाऱ्या दोघी-तिघींनी बांधलं, आणि आता लपवून काय करू, एका सोमवारी मीपण बांधलं. फडकं बांधलेल्या हातानं पोरांसाठी भाकरी थापून बघा एकदा, म्हणजे कळेल. संध्याकाळच्या आत मी ते सोडून मोरीत फेकलं होतं.

हे व्रत काढलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, शिवकांताक्कांनी. आणि खरी गंमत अशी की त्यांना ते काढायचंच नव्हतं.

अक्का म्हणजे बाजारपेठेतलं आमचं किराणा दुकान. पाटीवर नाव थोरल्या दिरांचं आहे, बंडप्पा म्हणून, पण भाऊजी गल्ल्यावर बसून पेपर वाचतात आणि दुकान चालवतात अक्का. प्लॅस्टिकच्या पिशव्यांशी त्यांचं हाडवैर. अजूनही कागदात पुडी बांधून देतात. कागद घेतला, डाळ ओतली, दोरा फिरवला, दातानं तोडला, पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या सुनेचं माहेराहून येणं झालं का नाही, तेही विचारून झालेलं असतं. आमच्या दुकानाची पुडी जीपमध्ये बसून खेड्यापर्यंत आदळत गेली तरी सुटत नाही, ह्याचा अक्कांना लई गर्व. कुणी म्हणलं की अक्का, कालची साखर वाटेत सांडली, तर अक्का म्हणणार, "सांडली नसंल. तुझ्या पोरानं खाल्ली असंल."

अशा बाईची बोटं सुजली.

आधी सकाळी उठल्यावर मूठ वळेना. मग दुपारपर्यंत वळेना. मग पेरं अशी फुगली की बांगडी चढेना अन् चढलेली उतरेना. काढे झाले, लेप झाले, तुळजापूरच्या वाटेवरच्या कुण्या वैद्याचं तेल झालं. त्या तेलाच्या वासानं भाऊजी आठवडाभर ओसरीत झोपले, बोटं होती तशीच राहिली. शेवटी अक्कांचा पोरगा उमाशंकर, जो धाराशिवला कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यानं त्यांना सोलापूरला सांध्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हा वयाचा वात नाही. अंगात रोगाशी लढणारी जी राखण असते, तीच घरच्यांवर उलटली आहे. राखणीचं कुत्रं मालकाला चावायला लागावं तसं. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कुत्रं जरा दबलं, पण चावायचं काही सोडेना.

त्या दिवसांत अक्कांची वेणी मी घालायचे, निऱ्या मी घालायचे आणि वर बोलणीही मीच खायचे. "रंजे, निऱ्या घालायलीस का गोधडीची घडी घालायलीस?" माझं नाव शिवरंजनी, पण अक्कांच्या तोंडी रंजी. मला राग लवकर येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण लहान पोरासारखे हात वर करून उभ्या राहिलेल्या अक्का बघितल्या की मी निऱ्या मोडून पुन्हा घालायचे.

एक काम मात्र त्या मला करू द्यायच्या नाहीत. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत आपलं इष्टलिंग असतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. ज्याचं त्यानं. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही. अक्कांच्या बोटांनी डबीचं झाकण निघेना, तर त्यांनी ते दातानं उघडलं, पण मला बोलावलं नाही. पूजा एक दिवस चुकवली नाही.

गोळ्या कमी पडायल्यात म्हणल्यावर डॉक्टरांनी सुई काढली. पंधरवड्याला एक, पोटाच्या कातडीत टोचायची, फ्रीजमध्ये ठेवायची. बायॉलॉजिक म्हणतात म्हणे. म्हणजे कारखान्यात रसायनं ढवळून केलेलं औषध नाही, जिवंत पेशींकडून करून घेतलेलं. "जिवंत" हा शब्द ऐकला आणि पेपर सोडून कशात लक्ष न घालणाऱ्या भाऊजींनी मान वर केली. "डॉक्टरसाहेब, औषध शाकाहारी आहे ना?"

डॉक्टर इमानदार माणूस. म्हणाले, हॅमस्टर नावाचा उंदरासारखा एक प्राणी असतो, त्याच्या पेशी मोठ्या टाकीत वाढवतात, त्या पेशी हे औषध करतात. सुईत उंदीर नाही, उंदराचा केससुद्धा नाही. भाऊजींचा चेहरा पडला. आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नाही आणि इथं डायरेक्ट उंदीर! परत येताना एसटीत भाऊजींनी पेपरसुद्धा उघडला नाही. नळदुर्ग गेल्यावर अक्काच म्हणाल्या, "उंदीर कुणाचं वाहन?"

भाऊजी म्हणाले, "गणपतीचं."

"गणपती कुणाचा?"

"महादेवाचा."

"मग घरचंच की," अक्का म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की ही सुई राखणीच्या कुत्र्याला गुंगी आणते, त्यामुळं चोर शिरायची भीती. ताप आला, खोकला लांबला तर लगेच कळवायचं. सुई द्यायच्या आधी टीबीची तपासणीसुद्धा झाली होती. झालं! आमच्या घरात खोकल्यावर पहारा बसला. आता किराणा दुकानात मिरचीचं पोतं सोडलं की देवसुद्धा खोकेल. पण अक्का खोकल्या की भाऊजी थर्मामीटर घेऊन उठायचे आणि उमाशंकरचा धाराशिवहून फोन. एकदा तर गिऱ्हाईक खोकलं तरी भाऊजींनी थर्मामीटर काढलं. आम्ही सगळे समोरच्या दारावर काठी घेऊन बसलो होतो आणि तकलीफ आली मागच्या दारानं.

पण त्याआधीचं सांगते. सुई लागू पडली. उन्हाळ्यात एका सकाळी मी निऱ्या घालायला गेले तर अक्का साडी नेसून, वेणी घालून, आरशापुढं उभ्या. मला म्हणाल्या, "बघ, अशा असत्यात निऱ्या." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली, आणि त्यांनी, "यव्वा, इस्त्री मोडली!" म्हणून ढकलून दिलं. त्या दिवशी दुकानात येईल त्याला अक्कांनी पुडी बांधून दिली. चहापत्तीची पुडी, काडेपेटीची पुडी. एकाला तर त्यानं आणलेल्या पिशवीचीच पुडी बांधून दिली.

मग आषाढात कधीतरी त्यांच्या डाव्या हाताला फडकं दिसायला लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, सुरी लागली. भाऊजींना सांगितलं, तेल उडालं. उमाशंकरला फोनवर काही दिसायचा प्रश्नच नव्हता. असंच चाललं असतं, पण श्रावणाच्या पहिल्या सोमवारी महादेवाच्या देवळात शांताक्कानं गाठलं. शांताक्का आमच्या समोर राहते, आणि तिला उत्तर मिळाल्याशिवाय जेवण जात नाही. "अक्का, हाताला काय झालं?" अक्कांना सुरी आठवेना, तेल आठवेना. म्हणाल्या, "व्रत आहे."

"कसलं?"

"डाव्या हाताचं."

हे वाक्य अक्कांनी बोलायला नको होतं. गावात त्यांची बोटं कशी वळत नव्हती अन् आता कशी दोरा फिरवतात, हे सगळ्यांनी बघितलेलं. सुई फ्रीजमध्ये, ती कुणाला दिसत नव्हती. फडकं मात्र दिसत होतं. शांताक्कानं हिशोब लावला की बोटं बरी झाली ती ह्या व्रतानं. आधी बरी झाली आणि मग फडकं आलं, एवढं कोण बघतं? दुसऱ्या सोमवारी शांताक्काच्या हाताला फडकं. तिचा गुडघा दुखतो. मग बाकीच्या. कुणाची कंबर, कुणाची मान, एकीचा जावई. बायकांनी पूजापाठ सांगणाऱ्या शांतलिंग स्वामींना विचारलं की ह्या व्रताचा विधी काय. स्वामी सज्जन माणूस, कुणाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. थोडा वेळ डोळे मिटून म्हणाले, "जुनं आहे. विस्मरणात गेलेलं." झालं, शिक्का बसला.

अक्कांची काय फजिती झाली असेल! बरं, खोटं आहे म्हणून सांगावं तर हात दाखवावा लागणार. तेव्हा त्या गप्प. फक्त उजव्या हातानं आणि दातानं पुड्या बांधायच्या. आणि मला, सख्ख्या जावेला, ज्या दिवशी मी फडकं बांधलं त्या दिवशी म्हणतात कशा, "तुला कशाला गं पाहिजे व्रत?" तेव्हा मला वाटलं, मोठेपणा दाखवायल्यात.

व्रत म्हणलं की उद्यापन आलं. शांताक्कानंच ठरवलं की शेवटच्या सोमवारी सगळ्यांनी अक्कांच्या घरी जमायचं, स्वामींच्या समोर फडकी सोडायची आणि सोमवार सोडायला पुरणाचं जेवण. पुरण अर्थात मी शिजवलं. सगळ्या ओळीनं बसल्या. स्वामींनी काहीतरी पुटपुटलं आणि एकेकीनं फडकं सोडलं. आतले हात चांगले गोरेपान झालेले, ऊन न लागल्यामुळं. त्यावरही कौतुक झालं. राहिल्या अक्का.

"सोडा की, अक्का," शांताक्का म्हणाली.

"माझं राहू दे. माझं मोठं आहे."

"व्रत मोठं आहे का फडकं मोठं आहे?" मी म्हणलं. "पुरण गार व्हायलंय." आणि मीच पुढं होऊन त्यांचा हात धरला. गाठ काही सुटेना, दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सुटली. शेवटचा पदर तळहाताला चिकटला होता. अक्कांनी डोळे मिटून घेतले.

तळहात लालभडक झाला होता. कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली, मधेमधे मोहरीएवढे पिवळे फोड, आणि रेषा होत्या तिथं चिरा. माझ्या हातातून फडकं पडलं. शांताक्कानं आपलं ताट जरासं मागं ओढलं. मागून कुणीतरी हळूच त्या रोगाचं नाव घेतलं जे आमच्याकडं मोठ्यानं घेत नाहीत. स्वामी तांब्यातलं पाणी बघायला लागले.

आता माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "काय बघायल्यात? व्रत फळलं ना सगळ्यांना? मग पुरणपोळी खा अन् घरी जा!" आणि अक्कांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं. मला लई राग आला होता. फसवलं म्हणून आला होता, आणि असला हात त्यांनी एकटीनं सोसला म्हणूनही आला होता.

"किती दिवस झाले?"

"आषाढ लागला तेव्हापासून. पायाला पण आहे."

"आणि सोलापूरला मागच्या महिन्यात गेलात, तेव्हा डॉक्टरला दाखवलं न्हाय?"

"उजवा हात दाखवला."

मला हसू पण येईना, रडू पण येईना. म्हणलं, "का, अक्का? विटाळाची भीती वाटली का? आपल्यात लिंगाला विटाळ नसतो, बाळंतिणीच्या गळ्यातसुद्धा असतं. का उंदराचं मनात आलं?"

"उंदराचं काय घेऊन बसलीस!" अक्का म्हणाल्या. मग खाली बसल्या, चुलीशेजारी, जमिनीवर. "रंजे, मला कळलं व्हतं. सुई घेतली की दोन दिवसांनी जास्त फुटायचं. म्हणजे सुईचंच हाय हे, मला पहिल्या महिन्यातच कळलं. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं सुई बंद केली असती."

मी चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवला.

"मग बोटं पुन्हा तशी झाली असती," अक्का म्हणाल्या. "तू पुन्हा निऱ्या घातल्या असत्यास. मी पुन्हा हात वर करून हुबी."

"मग पूजा कशी करायलाव तुम्ही? ह्या हातावर विभूती?"

बाहेर ताटं वाजत होती. बायका निघायच्या आधी जेवून घेत होत्या, तेवढं त्यांचं चुकलं नव्हतं.

"करत न्हाय," त्या म्हणाल्या. "डबी उघडत न्हाय. डबीलाच नमस्कार करती अन् उठती. त्याच्याकडं समोरासमोर बघायचं असतंय गं. डॉक्टरपासून लपवती, घरच्यांपासून लपवती, अन् त्याच्याकडं कुठल्या तोंडानं बघू?" त्यांचे डोळे भरून आले. "लिंगापेक्षा बोटं प्यारी झाली मला."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा तो हात माझ्या मांडीवर घेतला. एवढी वर्षं जावांनी जावांसारखं भांडावं तसं आम्ही भांडलो, पण त्या दिवशी मला त्यांची इतकी माया आली की सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी उमाशंकर आला आणि आम्ही सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही तळहात, तळपाय, डोकं बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, हा सोरायसिससारखा प्रकार आहे, संसर्ग होत नाही, कुणाला लागत नाही. ह्या सुईनं क्वचित कुणाला असं उठतं. गंमत म्हणजे हीच सुई आम्ही ह्याच कातडीच्या रोगावर देतो. हजारांना बरं करते आणि एखाद्याला उलटं तेच देते.

"म्हणजे आमच्या अक्कांसारखीच आहे सुई," मी म्हणलं. "सांगितलं त्याच्या उलटं."

डॉक्टर हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. "बंद करणार ना?"

"ही बंद करू. पण दुसरी आहे, वेगळ्या वाटेनं काम करणारी. आधी मलमानं तळहात सुधारू द्या, मग ती सुरू करू. मधल्या काळात बोटं दुखतील, सुजतील. आणि नवी नक्की लागू पडेल असं मी आज लिहून देऊ शकत नाही."

"न्हाय पडली तर?"

"तिसरी बघू. पण मला दोन्ही हात दाखवायचे."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. बोटं त्यांची, मी कोण सांगणार. शेवटी त्यांनी मान हलवली, पण चेहरा असा की जणू कुणी दुकानाची किल्लीच मागून घेतली.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. मलमानं तळहात निवत गेला आणि बोटं फुगत गेली. भाऊजी पुड्या बांधायला लागले. त्यांच्या पुड्या दुकानाच्या पायरीवरच सुटायच्या आणि अक्का आतून ओरडायच्या. शांताक्का पहिले काही दिवस समोरून जाताना तोंड चुकवायची. मग एकदा मीच तिला रस्त्यात थांबवून सांगितलं की हे कुणाला लागत नाही, डॉक्टर म्हणालेत. तर म्हणते, "मला माहीतच व्हतं." आणि संध्याकाळी डाळ न्यायला आली. अक्कांशी तासभर बोलत बसली, गुडघ्यावर अशी सुई असती का म्हणून.

नवी सुई घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. अक्का आंघोळ करून देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. मला काळजी वाटली, मी दाराशी गेले. दाराकडं एक बाजू करून बसल्या होत्या. डबीचं झाकण दातानंच उघडलं असणार. डाव्या तळहातावर नवी गुलाबी कातडी आली होती आणि त्यावर लिंग ठेवलं होतं. बोटं मात्र सुजून अशी आखडलेली की ती पूर्ण उघडतच नव्हती, लिंगाच्या चारी बाजूंनी अर्धवट उभी राहिली होती. बेलाचं पान उजव्या हाताच्या दोन बोटांत धरता येईना. एकदा पडलं, दोनदा पडलं. मी आत पाऊल टाकलं आणि परत मागं घेतलं. तिसऱ्या वेळी अक्कांनी पान उजव्या तळहातावर घेतलं आणि हात लिंगावर पालथा करून वाहिलं.

मग त्यांनी लिंगाकडं बघितलं. इतके महिने चुकवलेलं, आज सरळ, डोळ्याची पापणी न हलवता. मला वाटलं आता रडतील, माफी मागतील. कसलं काय! दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"तुझी बसायची जागा साफ करून दिली. लई कठीण गेलं मला, तुला म्हाईत हाय. आता माझी बोटं मला दे."